मौजबागेतला सौदा

माल बघायला जायचं तर जेवून जावं, असा चन्नाप्पाचा नेम होता. उपाशी माणसाला घाई असते आणि घाई समोरच्याला लगेच कळते. त्या दुपारीही तो झुणका-भाकरी खाऊन, वर तांब्याभर ताक पिऊन, कपाळाची विभूती सारखी करून बाहेर आला, तर दाराशी उभ्या टांग्यात त्याच्या आधीच शिवगंगा चढून बसलेली.

"तू कुठं गं?"

"लाकडाचे घोडे बघायला."

"मी कामाला निघालोय."

"मग तुम्ही काम करा की अप्पा. मी घोडे बघते."

ओट्यावरून त्याची बहीण, अक्का, म्हणाली, "ने की रे तिला. वेणी आत्ताच घट्ट घातलीया, तेवढी सोडू नको म्हणावं."

चन्नाप्पानं हसून पोरीला सरकून घ्यायला लावलं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली ही एकुलती मुलगी. आई तिच्या बाळंतपणातच गेली आणि अक्कानं तिला वाढवली. चन्नाप्पा सगळ्या कोल्हापूरला 'नाही' म्हणू शकायचा, या सात वर्षांच्या पोरीला मात्र त्याला कधी जमलं नाही.

त्याचा धंदा मोडीच्या मालाचा. लक्ष्मीपुरीत वखार. जे जे म्हणून बंद पडेल ते शेवटी त्याच्या दारात यायचं. गिरण्यांचे पत्रे यायचे, उतरवलेल्या माड्यांचे खांब यायचे. संस्थान विलीन झालं तेव्हा तर त्याची चंगळच झाली. एका बुडालेल्या स्टुडिओतला अख्खा राजदरबार त्यानं उचलला आणि त्यातलं सिंहासन फोडून अक्कानं महिनाभर अंघोळीचं पाणी तापवलं. "आम्ही सध्या राजाच्या पाण्यानं न्हातोय," असं तो येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा. माणूस गोड होता. दारी आलेल्याला चहा आणि मूठभर शेंगा-गूळ दिल्याशिवाय सोडायचा नाही. पण त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, की जाणत्यानं सावध व्हावं.

कारण त्याचा सौदा उपरण्याखालचा. जनावरांच्या बाजारातली ही जुनी रीत. दोघांच्या हातांवर कापड टाकायचं, तोंडं दुसरीकडे फिरवायची आणि खाली बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. पटलं की तळवा थोपटायचा. भाव तिसऱ्याला कळत नाही. फक्त एक गोष्ट आधी मोठ्यानं सांगून टाकायची, की बोटं दहाची आहेत का शंभराची. ते सांगायचं राहिलं तर सौदा आंधळा. आणि चन्नाप्पा नवखं गिऱ्हाईक दिसलं की मुद्दाम आंधळा सौदा करायचा. मुरगूडच्या बाजारात धोंडुबाई नावाच्या एका म्हातारीनं आपली म्हैस त्याला अशीच तीन बोटांवर दिली. त्यानं कापड ओढलं आणि चारचौघांत ओरडला, "तीन! दहाची!"

"अरं, शंभराची म्हनून दिली की मी बोटं!"

"मग बोलायचं न्हाई व्हय, म्हातारे? हात तुझा, तोंड बी तुझंच."

बाजार खदाखदा हसला. दिलेला हात मागं घेता येत नाही. म्हातारीनं तो हात कितीतरी वेळ लुगड्याला पुसला, आणि ते पुसणं कसं होतं हे चन्नाप्पा पुढं कित्येक वर्षं करून दाखवायचा.

असा हा माणूस त्या दुपारी फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला, गणपतरावांची मौजबाग मोडीत घ्यायला निघाला होता. सुगीचे दिवस. दोन्ही अंगाला ऊस, आणि गुऱ्हाळांतून उकळत्या रसाचा गोड, जड वास रस्त्यावर आलेला.

गणपतरावांनी लढाईच्या काळात ठेके घेऊन पैसा केला आणि मुंबईचं एक प्रदर्शन बघून येऊन ही बाग उभारली. आकाशाएवढा उभा पाळणा, आरसेघर, भुताची गुफा आणि मधोमध पत्र्याच्या छत्रीखाली फिरणारे लाकडी घोडे. दोन वर्षं कोल्हापूर तिथं लोटत होतं. मग ती एकाएकी बंद पडली, त्यालाही आता चारपाच वर्षं झाली होती. गुफेच्या दारावरच्या राक्षसाच्या जबड्यात पारव्यांनी घरटी केली होती. आरसेघरात शिवगंगा स्वतःला लांबलचक बघून खिदळली. चन्नाप्पानं आरशावर टिचकी मारून काचेची जाडी तेवढी पाहिली.

"या शेटजी," गणपतराव चांदीच्या मुठीच्या काठीवर दोन्ही हात टेकून उभे होते. "ही आमची हौस."

"हौस मोठी हाय की."

"आता नकोशी झालीय. नगरपालिकेला म्हटलं, मुलांसाठी ठेवा. नको म्हणाले. शाळेला देऊ केली, मास्तर फिरकले नाहीत. वाडीवाले म्हणतात जाळा. हा आमचा राखणदार पिराजी, हाही तेच म्हणतो."

पिराजी बाजूला उभा होता. आडव्या हाडाचा, हातांना लाकडासारखे घट्टे पडलेला. "जाळाच," तो म्हणाला. "मोडू नका, इकू नका. हितल्या हितं लाकडाची राख करा आन् लोखंड हिरीत टाका."

"लोखंडानं काय घोडं मारलंय रं तुझं?" चन्नाप्पा हसला. पण तो घोड्यांकडेच बघत होता. छत्रीखाली सगळीकडे बोटभर धूळ होती. खांबांवर, फळ्यांवर, घोड्यांच्या मानांवरसुद्धा. पाठी मात्र स्वच्छ होत्या. कुणी पुसल्यासारख्या नव्हेत, बसून बसून गुळगुळीत होतात तशा.

"हे फिरायचं कशावर?"

"मानसावर," पिराजी म्हणाला. "खाली खड्डा हाय. मधल्या लोखंडी खांबाला, कन्याला, दांडे हायती. आमी चौघं ढकलायचो. वरचं काय बी दिसत न्हाई खाली. मालक घंटा वाजवायचं. दोनदा वाजली की ढकला. एकदा वाजली की थांबा." त्यानं हातावरचे घट्टे चोळले. "दसऱ्याला माझी बाळी बसलीती वर. मला ठावं हुतं. हौसेनं ढकलत हुतो. मधीच जड लागाय लागलं... मला वाटलं गडी दमलं. म्हनून मी आनखी जोर लावला."

पारवे घुमत होते. शिवगंगा लांब, एका पांढऱ्या घोड्याचं नाक कुरवाळत होती.

"वेणी कण्याच्या दातेरी चाकात गेली," गणपतराव काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले. "घंटेची दोरी माझ्याच हातात होती. पण मोठे पाहुणे बसले होते हो घोड्यांवर. मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं."

दुसरा कुणी असता तर इथूनच मागं फिरला असता. चन्नाप्पाला एवढंच कळलं, की हा माणूस आता पडेल भावाला देईल. तो घोड्यांच्या चक्रीच्या कडेला टेकला. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं.

"उपरण्याखाली बोलू. बोटांनी. सोपं असतंय, घाला हात."

बोटं दहाची की शंभराची, ते तो बोलला नाही. रिवाजाप्रमाणं त्यानं तोंड फिरवलं. पलीकडे शिवगंगा रिकिबीत पाय अडकवून घोड्यावर चढत होती. तेवढ्यात कापडाखाली हात आला. बारीक, थंडगार, तेलकट. 'जन्मात काडी उचलली नाही बघ यानं,' चन्नाप्पा मनात म्हणाला. त्या हातानं त्याचं एकच बोट धरलं.

एक! दहाची म्हटली की दहा रुपयांत अख्खी बाग चन्नाप्पाची. त्यानं तो बारीक तळवा थोपटला.

"ठरलं!"

कापड ओढून त्यानं मान वळवली. गणपतराव होते तिथंच उभे होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर.

"काय ठरलं, शेटजी? मी अजून हात कुठं घातलाय? तुम्ही एकटेच कापडाखाली बोटं चोळत होता."

पिराजी दोन पावलं मागं सरला. चन्नाप्पा हसला. हसताना त्यानं बोटाकडे पाहिलं, तर त्यावर काळं वंगण होतं.

"जाऊ द्या," गणपतराव कंटाळून म्हणाले. "वाटेल ते द्या आणि घेऊन जा सगळं."

असा माल पदरात पडल्यावर माणूस बोटाकडे किती वेळ बघत बसणार? चन्नाप्पा कणा बघायला खड्ड्यात उतरायला निघाला.

"पोरीला उतरवा आधी," पिराजी म्हणाला.

"बसू दे की. ढकलायला हाय कोण खाली?"

वर लख्ख ऊन होतं आणि खाली पायरीगणिक अंधार दाटत गेला. सडक्या गोणपाटाचा, उंदरांचा आणि जुन्या वंगणाचा वास. चन्नाप्पानं चाचपत कणा शोधला, नखानं खरवडला. पोलाद, तेही विलायती. तो खूश झाला. आणि त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं.

दांडा होता. सावकाश पुढं येत होता.

"अप्पा, फिरतंय!" वरून शिवगंगा हसली.

"पिराजी! कोण ढकलतंय रं?"

दांड्यानं त्याला पुढं घातलं. तो वळला, छातीनं दांडा रोखून उभा राहिला. पाय मातीत घासत गेले. दांडा आला तसाच येत राहिला. मग तो जड झाला. आयुष्यभर हातांवरून माणसं ओळखणाऱ्या चन्नाप्पाला लाकडातून ती ओढ कळली... वर काहीतरी ताणलं जात होतं, पीळ बसत होता.

वरचं हसणं थांबलं.

"अप्पा... माझे केस..."

"थांबवा! गणपतराव, घंटा!"

घंटा वाजली नाही. अंधारात, दांड्यावर आवळलेल्या त्याच्या हाताशी बारीक, थंड बोटं आली. त्यांनी त्याचं एक बोट धरलं.

तेव्हा त्याला कळलं, की मघाशी एक म्हणजे काय ठरलं होतं.

त्याच्या जागी कुणी स्वतःची मान पुढं केली असती. कुणी नुसता ऊर बडवला असता. चन्नाप्पा व्यापारी होता. दिलेला हात मागं घेता येत नाही, पण वाढवून देता येतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं उपरणं खसकन हातांवर ओढलं आणि सगळा पंजा उघडला.

"हिला सोड," तो कुजबुजला. "पाच घे... दुसऱ्यांची."

त्या हातानं त्याचं एकेक बोट चाचपून पाहिलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बाजारात जनावराचे दात बघतात तसं. मग पंजा धरला. मग थोपटला.

दांडा थांबला.

तो धडपडत वर आला. पिराजी घोड्याला लटकून होता, शिवगंगाची वेणी दोन्ही मुठींत धरून. पोर पांढरीफटक पडली होती, पण धड होती. फक्त तिची रिबीन चाकाच्या दातांत गेली होती. गणपतरावांच्या हातात घंटेची दोरी तशीच होती.

"सुचलंच नाही हो," ते म्हणाले.

पिराजीनं चन्नाप्पाचा काळा झालेला तळवा पाहिला. "खाली काय कबूल करून आलासा, अण्णा?"

"काय न्हाई."

"माझ्या बाळीच्या येळी मला कुनी इचारलं बी न्हवतं," पिराजी म्हणाला. "आता तुमी हे जाळनार न्हाईसा."

चन्नाप्पानं जाळलं, पण सगळं नाही. उभा पाळणा, गुफा, आरसेघराच्या चौकटी गुऱ्हाळांच्या चुलाणात गेल्या. पितळी घंटा त्यानं ओताऱ्याकडून समोर बसून वितळवून घेतली आणि तिच्या समया पाडल्या. घोड्यांतले पाच तेवढे निवडून बाजूला काढले. त्यांना रंग दिला, काचेचे डोळे पुसले आणि जत्रांतून चक्री घेऊन फिरणाऱ्या पाच जणांना एकेक घोडा देऊन टाकला. फुकटात माल सोडायची ही त्याची पहिलीच वेळ. वखारीतले हमाल म्हणाले, पोरगी वाचली म्हणून अण्णा दानधर्म करतायत.

कण्याचं मात्र त्याला जिवावर आलं. विलायती पोलाद विहिरीत कोण टाकतं? वाडीच्या रुद्रय्याला गुऱ्हाळाच्या चरकासाठी असाच कणा हवा होता. त्याला तो दिला.

चैत्रात, एका संध्याकाळी, शिवगंगा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अप्पा, हात दुखतात. आज फार जड होतं."

"काय जड होतं?"

"ठाऊक न्हाई."

अक्कानं तिचे तळवे बघितले आणि कुरकुरली, "कुठनं आणलंस गं हे काळं? राखेनं घासलं तरी जाईना." दुसऱ्या दिवशी वखारीत चहा पिताना जोतिबाहून आलेला एक जण सांगत होता, पायथ्याच्या माळावर चक्रीत एका पोरीची वेणी अडकली म्हणे.

"कुणाची?" चन्नाप्पानं विचारलं.

"कुनाची का असंना, पोर गेली की."

चन्नाप्पानं सगळ्यांना आणखी एकेक चहा सांगितला. धोतराच्या सोग्याखाली त्यानं अंगठा मिटून घेतला.

मग मुरगूड. धोंडुबाईची नात, असं सांगणारा म्हणाला. त्यानं ते पुढं ऐकलं नाही. मग गगनबावडा, मग हद्दीपलीकडची एक जत्रा. प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी शिवगंगाचे हात दुखायचे. चन्नाप्पा खोबरेल घेऊन स्वतः ते चोळायचा आणि विचारायचा काही नाही. पाचवा घोडा मात्र वर्षभर बिनबोभाट फिरत राहिला. चन्नाप्पाला जेवण जाईना. सौदा लांबला तर मोडतो, आणि मोडला तर माल मूळ धन्याकडे परत जातो. इथं माल म्हणजे शिवगंगा. शेवटी तो स्वतः जत्रेत त्या घोड्यापाशी गेला, घोडेवाल्याची पाठ थोपटली आणि त्याला वंगणाचा डबा भेट देऊन आला.

पुढच्याच अमावास्येला पाचवी बातमी आली. त्यानं करंगळी मिटली.

मग त्यानं घरी जंगम स्वामींना जेवण घातलं. भर दुपारची पंगत, हुग्गीच्या खिरीवर तुपाची धार, देवघरात त्या पितळी समया तेवत होत्या. दहाएक वर्षांची झालेली शिवगंगा परकर खोचून वाढत फिरत होती. कधी नव्हे इतकं हसत चन्नाप्पा आग्रह करत होता. तेवढ्यात दारात पिराजी येऊन उभा राहिला.

"ये की रे, पानावर बस," अक्का म्हणाली.

पिराजी उंबऱ्यातच थांबला. "रुद्रय्याची पोर गेली, अण्णा. काल सांजच्याला. चरकाला ऊस लावत हुती. वेनी गेली आत."

"तिथं घोडा न्हाई," चन्नाप्पा म्हणाला.

"घोडा न्हाई. कना हाय. बैल हाकणारा म्हनतो, मधीच जड लागाय लागलं... म्हनून त्यानं चाबूक वडला."

चन्नाप्पाची मूठ मिटलेलीच होती. तिच्यात सहाव्याला जागा नव्हती. आणि मग पानावर बसल्या बसल्या त्याला ते आठवलं. पाच म्हटलं होतं त्यानं. पंजा दिला होता. पण बोटं एकाची, दहाची की शंभराची, ते बोलायचं राहून गेलं होतं. जन्मभराची सवय.

सगळ्यांदेखत त्यानं उपरणं हातावर घेतलं.

"एकाची!" तो ओरडला. "पाच, ती एकाची! दहाची न्हवंत! शंभराची न्हवंत!"

जंगमांचे घास हातात राहिले. कापडाखाली तो बारीक, थंडगार हात आला. त्यानं बोट धरलं नाही. नुसता तळवा थोपटला, नवख्या गिऱ्हाइकाला थोपटतात तसा, आणि निघून गेला.

पिराजीचं तिकडं लक्ष नव्हतं. हुग्गीचं भांडं धरलेल्या शिवगंगाच्या हातांकडे तो बघत होता. मग त्यानं स्वतःचे हात उलटे करून पाहिले. तेच घट्टे, त्याच जागी.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "पोरीला तुमी कुठल्या कामाला लावलंय...?"

रिकाम्या देवघरात, समयांपाशी, घंटा वाजली. एकदा. मग आणखी एकदा.

शिवगंगानं भांडं खाली ठेवलं, परकराला हात पुसले. "आले," म्हणाली, आणि आत गेली.